धुण्याचा दगड आणि ओहायोची फळी

बेंगळूरूच्या मारतहळ्ळीतल्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर निपाणीच्या एक काकू मुलाकडे राहतात. त्यांच्या सुनेनं अमेरिकेतून, ओहायोतल्या एका जुन्या बाजारातून, कपडे घासायची लाकडी चौकटीची फळी आणली आणि दिवाणखान्यात भिंतीला टांगली. पंचवीस डॉलरची. त्याच आठवड्यात मागच्या गल्लीतलं एक जुनं बैठं घर पाडायला घेतलं होतं. त्याच्या परसातला धुण्याचा दगड मजुरांनी पहारीनं उचकटून रस्त्याकडेला लोटून दिला. भाजी घेऊन येताना काकू त्या दगडापाशी थांबल्या. संध्याकाळी माझ्याकडे आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "मला एक सांगा. त्या फळीला पंचवीस डॉलर, आणि असा घडीव दगड फुकट? याला काही किंमत आहे की नाही?"

जुन्या वस्तू जमवणाऱ्यांना हा प्रश्न नेहमी विचारला जातो. आजीचा पाटा, माळ्यावरचं जातं, परसातला दगड, कुणी परदेशातून आणलेली फळी, आणि मग, "याचे किती येतील?" उत्तर एका आकड्यात देता येतं, पण त्या आकड्यावर कुणाचं समाधान होत नाही. म्हणून काकूंना मी जसं सांगितलं त्याच क्रमानं इथे सांगतो. आधी ही साधनं काम कसं करतात ते पाहू, मग ती कुठून आली, मग वय, आणि सगळ्यात शेवटी किंमत. काम कळल्याशिवाय झीज वाचता येत नाही, आणि झीज वाचता आली नाही तर किंमत कुणीही काहीही सांगतो.

1. खाचा कशासाठी?

कपड्यावरचा मळ म्हणजे बहुतांशी धूळ आणि अंगाचं तेल. तेलामुळे धूळ धाग्याला चिकटून बसते. नुसत्या पाण्यानं ती निघत नाही, कारण तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. साबणाच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला. अडून बसलेल्या पाहुण्याला दोन्ही घरांच्या ओळखीच्या माणसानं हाताला धरून बाहेर आणावं, तसा साबण मळाला कापडातून बाहेर काढतो.

पण साबण विणीच्या आत पोचायला हवा. कापड दिसतं सपाट, प्रत्यक्षात ती उभ्या-आडव्या धाग्यांची घट्ट चटई असते, आणि मळ धागे एकमेकांवरून जातात तिथे, सांदीत बसतो. कापड वाकवलं की बाहेरच्या बाजूच्या सांदी उघडतात, आतल्या बाजूच्या दाबल्या जातात. पुन्हा सरळ केलं की उलट. प्रत्येक वाकण्यासरशी साबणाचं पाणी आत ओढलं जातं आणि मळकं पाणी बाहेर पिळलं जातं. खाचांवरून कापड फिरवणं म्हणजे तेच कापड भराभर वाकवत राहणं.

हिशोब करून पाहा. फळीवर वीस पन्हळी आहेत असं धरू. सदऱ्याची कॉलर वरून खाली नेली की ती वीस वेळा वाकली. खालून वर आणली की आणखी वीस. असे दहा हेलपाटे घातले की चारशे वाकणी झाली, आणि त्याला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागत नाही. सपाट फरशीवर कॉलर तितकाच वेळ घासली तर वाकणं जवळजवळ होतच नाही, नुसतं घर्षण होतं. म्हणून फरशीवर घासलेला कपडा लवकर विरतो आणि मळ मात्र पुरता सुटत नाही.

आपला दगड दोन्ही कामं करतो. त्यावर घासतातही आणि आपटतातही. आपटल्यावर कापडात धरलेलं पाणी एका झटक्यात विणीतून बाहेर फेकलं जातं. धोपटण्यानं बडवतात तेव्हाही हेच होतं. आपटण्याचा वेग मोठा, त्यामुळे जाड चादरी, सतरंज्या, लुगडी लवकर निघतात, पण गुंड्या फुटतात. गुंड्यांचे सदरे घरोघर आले तसं दगडावर आपटणं कमी होऊन घासणं वाढलं असावं, असा माझा तर्क आहे. निदान दगडांवरची झीज त्याच्याशी जुळते. जुन्या दगडाची कड गोल झालेली असते, कारण आपटताना कापड तिच्यावरून वळतं. अलीकडच्या दगडाचा मधला भाग खोलगट होतो आणि कड तशीच धारदार राहते.

2. दोन दगड, दोन मुलूख

निपाणीच्या काकूंना मारतहळ्ळीतला दगड पाहताक्षणीच परका वाटला, आणि त्यांचं बरोबर होतं. कोल्हापूर, सांगली, पुणे, नाशिक या भागातला आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरावर थर पसरून तो झाला. त्याचे कण इतके बारीक की डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. वापरून तो तुकतुकीत होतो आणि मग त्याच्यावर काही घासलं जात नाही. म्हणून पाट्याला जशी टाकी लावतात, म्हणजे छिन्नीनं ठोकून खरखरीत करतात, तशी धुण्याच्या दगडालाही अधूनमधून लावावी लागते. 'टाकीऽ लावायचीऽ' ही आरोळी लहानपणी ज्यांनी ऐकली, त्यांना वेगळं सांगायला नको. ही कला वडार आणि पाथरवट समाजाच्या हातात होती.

बेंगळूरूचा दगड आहे ग्रॅनाइट आणि त्याच्याच जातीचा नाइस. लालबागेतला प्रसिद्ध खडक, ज्यावर केंपेगौडांचा बुरूज उभा आहे, तो सुमारे तीनशे कोटी वर्षांचा आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवलं आहे. या दगडात पांढरे, राखाडी, काळे कण वेगवेगळे दिसतात. पांढरट काचेसारखे दिसतात ते गारेचे, आणि ते सगळ्यात कठीण. दगड झिजतो तसे मऊ कण आधी जातात आणि गारेचे कण किंचित वर राहतात. म्हणजे इथला दगड वापरता वापरता आपला खरखरीतपणा बराचसा टिकवून धरतो. रस्त्याकडेच्या त्या दगडावर काकूंनी तळवा फिरवला आणि म्हणाल्या, "किसणीसारखा लागतोय की हो." त्यातच सगळं भूशास्त्र आलं.

कन्नडमध्ये त्याला ओगेयो कल्लु म्हणतात. ओगे म्हणजे कपडे धुणं, कल्लु म्हणजे दगड. जुन्या घरांत तो परसात विहिरीजवळ किंवा नळाजवळ, दोन उभ्या दगडांवर उतरता बसवलेला असतो. पाणी एका बाजूनं वाहून नारळाच्या किंवा केळीच्या आळ्यात जातं. मारतहळ्ळीच्या नावातलं 'हळ्ळी' म्हणजे खेडं. आयटी कंपन्या आणि रिंग रोड येण्याआधीच्या त्या खेड्याची जी घरं अजून गल्लीबोळांत उरली आहेत, त्यांच्या परसात हे दगड आहेत. नव्या इमारतींतही ही सवय सुटलेली नाही. बऱ्याच घरांच्या धुण्याच्या जागेत किंवा गच्चीवर ओट्यात बसवलेला दगड असतो, मात्र तो यंत्रानं कापलेला.

हे मोठे सपाट दगड पूर्वी खाणीतून निघत कसे, त्याची एक नोंद मला फार मोलाची वाटते. 1895 मध्ये 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकात एच. वार्थ यांनी बेंगळूरूच्या खाणकामगारांची पद्धत वर्णन केली आहे. ना सुरुंग, ना यंत्र. कामगार खडकावर लाकडांची एक अरुंद रांग पेटवत आणि जाळ हळूहळू पुढे सरकवत. वरचा थर तापून फुगे, खालचा थंडच राही, आणि त्या ताणानं पृष्ठभागाला समांतर अशी चीर पडे. भाकरीचा पापुद्रा सुटतो तशी. पुढच्या भागावर हातोडा मारून आवाज ऐकत. पोकळ आवाज आला की दगड सुटला, जाळ पुढे न्यायचा. अशा सुटलेल्या पातळ, लांबरुंद थराच्या मग पाचरांनी पट्ट्या पाडत. इथल्या जुन्या घरांची छपरं, कुंपणाचे उभे खांब आणि धुण्याचे दगड हे या चप्पडी, म्हणजे पातळ लादीच्या, दगडातूनच निघाले. हातोड्याच्या आवाजावरून खडकाच्या आतली चीर ओळखणाऱ्या त्या माणसांची नावं कुठेही लिहिलेली नाहीत.

3. फळीचा जन्म

युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात नदीवर जाणं कठीण होतं. धुणं घरात, लाकडी टबात. टबात दगड बसत नाही, म्हणून खाचा पाडलेली लाकडी फळी आली. उत्तर युरोपात अशा फळ्या जुन्या काळापासून होत्या. लाकडाला पाण्याचा आणि साबणाचा सतत मार बसला की खाचांच्या कडा फुगतात, त्यांचे तंतू निघतात आणि कपड्यात कुसळं जातात. त्यावर उपाय म्हणून न्यूयॉर्क राज्यातल्या मॅन्लियस गावच्या स्टीफन रस्ट यांनी 1833 मध्ये पेटंट घेतलं. फळीच्या मध्यभागी कथिल, लोखंड, तांबं किंवा जस्ताचा पन्हळी पत्रा बसवायचा. आपल्या गोठ्यावर घालतात तोच पन्हळी पत्रा, फक्त लहान.

पुढे जस्ताचा पत्रा सगळ्यात जास्त चालला, कारण तो स्वस्त आणि न गंजणारा. पितळेचा महाग, पण टिकाऊ. काचेच्या पन्हळी आल्या. तपकिरी झिलई दिलेल्या चिनी मातीच्या आल्या, निळ्या मिन्याच्या पत्र्याच्या आल्या. दुसऱ्या महायुद्धात धातू लष्कराकडे वळला तेव्हा काचेच्या फळ्या जोरात निघाल्या. नंतर धुलाईयंत्र घरोघर पोचलं आणि एकेक कारखाना बंद पडला. ओहायोतली 1895 मध्ये सुरू झालेली कोलंबस वॉशबोर्ड कंपनी टिकली. 1999 मध्ये ती कोलंबस शहरातून लोगन या छोट्या गावी गेली आणि तिथेही फळ्या बनवत राहिली. लोगनला या फळ्यांच्या वाद्यवादनाचा उत्सवही भरू लागला.

वाद्यवादन म्हटलं ते खरंच. बोटांत अंगुस्तानं घालून पन्हळीवर घासलं की खरर-खरर असा ठेका निघतो. 1946 मध्ये क्लिफ्टन शेनिए या लुइझियानाच्या अ‍ॅकॉर्डियनवादकानं विली लँड्री या कारागिराकडून गळ्यात अडकवायचा पन्हळी पत्राच करून घेतला. त्याला फ्रोत्वार म्हणतात. इंग्लंडात जॉन लेननच्या पहिल्या शाळकरी चमूत, क्वारीमेनमध्ये, पीट शॉटन हा मित्र धुण्याची फळीच वाजवत असे. ही माहिती किमतीच्या प्रकरणात पुन्हा लागणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

4. वय कसं ओळखायचं?

काकूंच्या सुनेची फळी आम्ही भिंतीवरून उतरवून टेबलावर ठेवली. वरच्या आडव्या पट्टीवर पुसट छाप होता: 'झिंक किंग', खाली 703 हा क्रमांक, नॅशनल वॉशबोर्ड कंपनी, आणि शिकागो, सॅगिनॉ, मेम्फिस ही तीन शहरं. विकणाऱ्यानं तिला 'दीडशे वर्षांपूर्वीची' म्हणून सांगितलं होतं.

इथे एक नियम सांगतो, तो सगळ्या जुन्या वस्तूंना लागू आहे. वस्तूवर लिहिलेलं साल तिचं जन्मसाल नसतं. ते फक्त एवढंच सांगतं की वस्तू त्या सालाच्या आधीची नाही. मिठाईच्या खोक्यावर 'स्थापना 1939' लिहिलेलं असतं, म्हणून आतला पेढा 1939 चा नसतो. फळीवर पेटंटची तारीख छापलेली असली तरी तीच फळी पुढे वीस-तीस वर्षं तशीच छापली जात असे. उलट गावाचं नाव कधीकधी नेमकं वय सांगून जातं. कोलंबस कंपनीच्या 'मेड-राइट' फळीवर लोगन लिहिलं असेल, तर ती 1999 नंतरचीच. कितीही धूळ चढवलेली असो.

मग छापापलीकडे काय पाहायचं? मी चार ठिकाणी पाहतो. एक, पाय. फळी टबात उभी राहते, म्हणून पायांची टोकं काळवंडलेली, मऊ, गोलसर झालेली असायला हवीत. वरचा भाग झिजलेला आणि पाय कोरे असतील, तर झीज केलेली आहे. दोन, पन्हळी. हाताचा जोर मध्यभागी पडतो, त्यामुळे मधल्या सात-आठ धारा चपट्या आणि कडेच्या उंच राहतात. सगळ्या सारख्याच झिजल्या असतील तर कुणीतरी पॉलिश पेपर फिरवला आहे. तीन, साबणाची खाच. वर साबण ठेवायची जागा असते, तिथलं लाकूड तेलकट आणि गडद असतं. चार, खिळे. चौकटीत नवा चकाकता खिळा दिसला की दुरुस्ती झाली हे समजा. दुरुस्ती हा दोष नाही, पण ती विकणाऱ्यानं सांगायला हवी.

आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे लहान फळ्या. वीतभर रुंदीची फळी दिसली की 'मुलांचं खेळणं' किंवा 'फिरत्या विक्रेत्याचा नमुना' म्हणून ती दुप्पट भावानं विकतात. कोलंबस कंपनीची 'डबल हँडी' ही लहान फळी मोजे आणि नाजूक कपड्यांसाठी, प्रवासाच्या पेटीत मावेल अशी केलेली होती. ती मोठ्या माणसांच्या कामाची आहे.

सुनेची फळी या कसोट्यांवर उतरली. पाय झिजलेले, मधल्या धारा चपट्या, साबणाची खाच काळी. पण दीडशे वर्षांची ती नाही. बहुधा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली, साधी, भरपूर संख्येनं बनलेली आणि खरोखर वापरलेली. सुनेला जरा वाईट वाटलं. मला मात्र ती फळी त्याच क्षणी जास्त आवडली.

दगडाचं वय सांगणं याहून अवघड. त्यावर कंपनीचं नाव नसतं. पण हत्याराच्या खुणा असतात. उलटा करून खालची बाजू पाहायची, कारण वरची झिजलेली असते. छिन्नीचे आखूड, थोडे वाकडे, वेगवेगळ्या खोलीचे ठोके दिसले तर दगड हातानं घडवलेला आहे. कडेला ओळीनं चौकोनी भोकांचे अर्धे ठसे असतील तर त्या पाचरांच्या जागा. अर्धगोल, सरळ, नळीसारखे ठसे असतील तर ते यंत्राच्या ड्रिलचे. आणि समांतर, बारीक, एकसारख्या रेषा म्हणजे चकतीनं कापलेला, अलीकडचा. रस्त्याकडेचा आमचा दगड चार माणसांनी पहारीनं कलता केला तेव्हा खाली छिन्नीचे ठोके होते, आणि एका कडेला पाचरीच्या तीन जागा. त्याहून नेमकं वय दगडानं सांगितलं नाही, मीही सांगत नाही.

5. उलटा करून पाहा, दुसऱ्या कारणासाठीही

दगड उलटवण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते फार महत्त्वाचं आहे. सपाट, हाताशी आलेली शिळा कुणी वाया घालवत नाही. पायरी, नाल्यावरची लादी, गोठ्याची जोती, धुण्याचा कट्टा अशा कामांना शिलालेख आणि वीरगळ, म्हणजे वीरांच्या स्मारकशिळा, लागल्याची उदाहरणं महाराष्ट्रात आहेत, कर्नाटकातही आहेत. बेंगळूरूच्या हेब्बाळ भागात 2018 मध्ये गटाराच्या कामात एक दगड वर आला. तो सुमारे इसवी सन 750 चा, गंग राजा श्रीपुरुषाच्या काळातला वीरगळ निघाला. लढताना मेलेल्या कित्तय्या नावाच्या वीराचं नाव त्यावर कोरलेलं आहे. लोकांनी तो जपला आणि त्याच्यावर मंडप बांधला. बेगूरच्या देवळातल्या अशाच एका जुन्या शिळेवर 'बेंगळूरु' हे नाव सापडलं, नवव्या शतकाच्या अखेरचं. म्हणजे या शहराच्या नावाचा सगळ्यात जुना पुरावा एका दगडावरच आहे.

तुमच्या दगडाच्या खालच्या बाजूला अक्षरं, चंद्रसूर्य, ढाल-तलवार घेतलेला माणूस, गाय-वासरू किंवा आपल्याकडच्या गद्धेगाळीसारखी, म्हणजे शापाच्या दगडावरची, आकृती दिसली, तर तिथेच थांबा. ब्रशनं घासू नका, अक्षरांत खडू भरू नका. फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवा. 1972 च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी शिल्पं आणि कोरीव वस्तू 'पुरावस्तू' ठरतात. त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. अशा दगडाची किंमत विचारणंच चूक. जिथे सापडला ती जागा हाच त्याचा अर्धा अर्थ असतो.

आमच्या दगडाखाली काही नव्हतं. चिखल, दोन गोगलगाई आणि कुणाच्या तरी सदऱ्याची शिंपल्याची एक गुंडी.

6. आता किंमत

बाजारभाव ठरतो तो हव्या असणाऱ्या माणसांवरून. जुनेपणावरून नव्हे. अमेरिकेत साध्या जस्ताच्या फळ्या मुबलक आहेत, म्हणून त्या थोडक्या डॉलरांत मिळतात. पितळेची त्याहून महाग. चिनी मातीची, निळ्या मिन्याची किंवा एकाच लाकडातून हातानं कोरलेली फळी दुर्मीळ, म्हणून कितीतरी पटींनी महाग. छापलेलं नाव ठळक असेल तर भाव चढतो, कारण घेणारे बहुतेक जण ती भिंतीवर टांगणार असतात. आणि वादक? त्यांना छापाशी देणंघेणं नाही. ते पन्हळीवर नख ओढून आवाज ऐकतात. म्हणजे एकाच फळीला सजावटवाला वेगळी किंमत देईल आणि वादक वेगळी. विकायची असेल तर आधी गिऱ्हाईक कोण ते ठरवा.

दगडाचं गणित दुसरंच आहे. आमचा दगड मी टेपनं मोजला. लांबी 90 सेंटिमीटर, रुंदी 60, जाडी 8. तिन्हींचा गुणाकार 43,200 घन सेंटिमीटर. ग्रॅनाइटचा एक घन सेंटिमीटर साधारण 2.7 ग्रॅम भरतो. म्हणजे दगडाचं वजन झालं सुमारे 117 किलो, पायांचे दोन दगड वेगळे. फळी काखेत मारून विमानात बसता येतं. 117 किलोच्या दगडाला चार माणसं आणि एक टेम्पो लागतो. त्यांची मजुरी हीच त्याची बाजारातली किंमत खाऊन टाकते. म्हणून घर पाडणारा ठेकेदार तो विकायच्या भानगडीत न पडता नव्या घराच्या पायात किंवा नाल्यावर टाकून देतो. जड, स्वस्त आणि सगळ्यांकडे असलेली वस्तू सगळ्यात आधी नाहीशी होते. संग्राहकांनी हे वाक्य दाराच्या आत लिहून ठेवावं असं मला मनापासून वाटतं, कारण आपण नेमके चांदीच्या अत्तरदाण्यांमागे धावतो.

पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी तसं केलं नाही. 1920 च्या सुमारास त्यांनी वस्तू गोळा करायला सुरुवात केली आणि अडकित्ते, दिवे, शेवयांची यंत्रं, स्वयंपाकघरातली भांडी, दौती, खेळणी अशा घरातल्या हाताळलेल्या वस्तूंचा डोंगर उभा केला. 'अज्ञातवासी' या नावानं ते कविता लिहीत. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं आणि 1975 मध्ये हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी आणून उभे केले. म्हणजे जड वस्तूला ते कधी घाबरले नाहीत. गोव्यात बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी 'गोवा चित्र' उभारलं, तिथे शेतीची आणि घरकामाची हजारो अवजारं आहेत. बेंगळूरूहून म्हैसूरला जाताना रामनगरजवळ एच. एल. नागेगौडांनी उभारलेलं जानपद लोक लागतं, तिथेही कष्टाची साधनं अशीच मानानं मांडली आहेत. काकूंना मी म्हटलं, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या तीन ठिकाणी मिळेल. तिथे कुठल्याही वस्तूवर भाव लिहिलेला नाही.

7. सांभाळायचं कसं

फळी भिंतीवर टांगा, पण बाहेरच्या ओल्या भिंतीवर नको. जस्तावर पांढरी भुकटी धरते, ती कोरड्या फडक्यानं पुसावी. लिंबू, चिंच, व्हिनेगर लावू नका, आम्लानं जस्त खाल्लं जातं. पितळ चकचकीत करायचा मोह आवरा. लाकडाला वॉर्निश तर मुळीच नको, साबणाच्या जागेचा तो काळा डाग त्याखाली कायमचा अडकतो. वाळवीसाठी दर पावसाळ्याआधी मागची बाजू बघा.

दगडावर साबणाचा पांढरा थर असतो. आमच्या भागात बोअरवेलचं पाणी जड, त्यातल्या क्षारांशी साबण जुळून हा थर जमतो आणि वर्षानुवर्षं चढत जातो. गरम पाणी आणि काथ्या पुरे. फरशी धुवायचं अ‍ॅसिड वापरलं तर दगडातलं लोह पिवळं डागाळतं आणि ते मग निघत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चिठ्ठी. पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या. त्यावर वस्तू कुठे सापडली, कुणाच्या घरची, कोण वापरत होतं, कशासाठी, कुणी कधी सांगितलं, एवढं पेन्सिलीनं लिहा. शाई ओलाव्यानं पसरते. ही चिठ्ठी नसली की वस्तू मुकी होते, मग ती कितीही जुनी असली तरी.

दगडाची चिठ्ठी लिहायला काकू आणि मी त्या पाडलेल्या घराच्या म्हाताऱ्या मालकिणीकडे गेलो. त्या आता मुलीकडे, दोन गल्ल्या सोडून राहतात. निपाणीच्या काकूंना कन्नड घरच्यासारखं येतं, "अज्जी, तो दगड कुणाचा?" म्हणून त्यांनी विचारलं. अज्जींना वाटलं, कुणी तक्रार घेऊन आलंय. मग खुलल्या. दगड लग्नाच्या आधीपासून त्या घरी होता. सासूबाई रेशमी साड्या कधी त्यावर घासू देत नसत, त्या अंटुवाळाच्या, म्हणजे रिठ्याच्या, पाण्यात नुसत्या बुडवून काढायच्या. धोतरं आणि घोंगड्या मात्र त्यावरच.

मी विचारलं, खोलगट भाग मधोमध नाही, डावीकडे सरकलेला आहे, असं का? मी तो सुतळी ताणून मोजला होता. डावीकडे अकरा मिलिमीटर खोल, उजवीकडे जेमतेम चार. अज्जींनी उत्तर दिलं नाही. त्या उठून उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि हवेत कपडा घासायला लागल्या. डाव्या हातानं.

चार माणसं आणि टेम्पो आम्ही ठरवला. दगड आता आमच्या इमारतीच्या मागच्या नळापाशी, दोन्ही पायांवर, उतार नारळाकडे करून बसवला आहे. शिंपल्याची गुंडी चिठ्ठीला शिवून लावली आहे. सकाळी काकू त्यावर पायपुसणी धुतात, आणि काकू उजव्या हातानं घासतात.